स्टेरॉईड 'बरं वाटलं की लगेच बंद' करावं का?

"स्टेरॉईड म्हणजे विषच, बरं वाटलं की त्याच दिवशी सोडा," असा संदेश मराठवाड्यात गावोगावी फिरतो. भीती रास्त आहे: फार दिवस घेतल्यास साखर, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. पण मूत्रपिंडावरच्या ग्रंथी असंच एक स्टेरॉईड, कॉर्टिसोल, रोज बनवतात. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉईडची गोळी तीन आठवड्यांहून जास्त चालली की त्या ग्रंथी सुस्तावू शकतात. मग अचानक थांबवल्यास गळाठा, उलट्या, चक्कर. कधी जिवावरही बेततं. म्हणून डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात.

स्टेरॉईडचा डोस सगळीकडे सारखा नसतो: दम्याच्या स्टेरॉईड पंपाच्या एका फवाऱ्यात बहुधा १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध असतं, प्रेडनिसोलोनच्या लहान गोळीत ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. पाकिटावर वाचून पाहा. आठवडी बाजारातल्या सांधेदुखीच्या बिननावाच्या पुडीवर मात्र काहीच लिहिलेलं नसतं, आणि तीत स्टेरॉईड मिसळलेलं असू शकतं. ती महिनोन्महिने घेतली असेल तर बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.