लहान किनारी शहरे : नागरी वाढ आणि हवामानबदल

समुद्रकाठी किंवा नदीमुखाशी वसलेल्या लहान शहरांची वाढ आणि पूर, उधाण, चक्रीवादळे व खारे पाणी यांना तोंड देऊन सावरण्याची त्यांची क्षमता, यांच्या परस्परसंबंधांचा विषय. ‘लहान’ची सर्वमान्य व्याख्या नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत ५ लाखांखालील शहरांचा गट वेगळा धरतात. जगातील जवळजवळ निम्मे शहरवासी याच गटात मोडतात. समुद्रसपाटीपासून १० मीटरपेक्षा कमी उंचीच्या किनारपट्टीने जगाच्या भूभागाचा सुमारे २ टक्के भाग व्यापला असला, तरी तिथे सुमारे १० टक्के लोक राहतात.

१९०१ ते २०१८ या काळात जागतिक समुद्रपातळी सुमारे २० सेंमी.ने वाढली, २००६ ते २०१८ दरम्यानचा वेग वर्षाला ३.७ मिमी.च्या आसपास होता. हे आकडे गंभीर आहेतच, पण लहान शहरांतला बराचसा धोका समुद्राकडून येत नाही, तो जमिनीवर तयार होतो. उंच, कोरडी जागा जुन्या वस्तीने आधीच व्यापलेली असते. नव्या वस्तीच्या वाट्याला येतात त्या दलदली, शेते, खारफुटी आणि नदीची पूरमैदाने, म्हणजे नेमक्या पाणी मुरण्या-पसरण्याच्या जागा. तिथे भराव पडला की पाणी भराव नसलेल्या शेजारी वस्तीत शिरते. त्यातच भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडे पाण्याखाली जातात, त्यामुळे मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर शहरात साचलेल्या पाण्याला बाहेर जायला वाटच उरत नाही.

व्हिएतनाममधील क्वी न्होन हे याचे बोलके उदाहरण. तिथल्या ‘हा थान्ह’ नदीच्या पूरमैदानात नव्या वसाहती आणि उंच रस्ते झाले आणि नोव्हेंबर २००९ च्या पुरात याच बांधकामांनी पाण्याचा निचरा अडवला. इंडोनेशियातील पेकालोंगानमध्ये कारण वेगळे आहे. तिथे भूजलाच्या उपशामुळे जमीनच खचते आहे, तीही समुद्र चढण्याच्या कित्येक पट वेगाने. अशा ठिकाणी भिंत कितीही उंच बांधली तरी उपसा चालू असेपर्यंत ती अपुरी पडत जाणार.

उपायांत समुद्रभिंती आणि बंधारे सर्वांत आधी पुढे येतात, कारण ते डोळ्यांना दिसतात. बंधाऱ्याआड सुरक्षित वाटू लागलेल्या सखल जमिनीवर आणखी घरे उभी राहतात, हा त्यांचा कमी बोलला जाणारा परिणाम. मोझांबिकमधील बैरा शहराने शिवेवे या गाळाने भरलेल्या नदीचे पात्र मोकळे केले, मुखाशी भरती रोखणारे दरवाजे बसवले आणि काठी खारफुटी व उद्यान राखले. मार्च २०१९ च्या इदाई चक्रीवादळात शहराची प्रचंड हानी झाली. घरांची छपरे उडवणाऱ्या वाऱ्यापुढे निचऱ्याची कामे पुरी पडत नाहीत, मजबूत घरबांधणी लागतेच.

धोक्याच्या जागेवरून लोकांना हलवणे हा सर्वांत अवघड उपाय. फिलिपिन्समधील टाक्लोबान येथे ८ नोव्हेंबर २०१३ रोजी हैयान वादळाची लाट घुसल्यानंतर किनाऱ्यावरील कुटुंबांना शहराच्या उत्तरेकडे घरे देण्यात आली. जागा तुलनेने सुरक्षित होती, मात्र समुद्र, बाजार आणि रोजगार लांब पडले. नळाचे पाणीही बराच काळ नव्हते. पुनर्वसनाचा आराखडा घरांची संख्या मोजतो, रोजच्या प्रवासाचा खर्च बहुधा मोजत नाही.

महानगरांच्या तुलनेत या शहरांची खरी अडचण तंत्रज्ञानाची नसते. नगररचनाकार मोजके, करउत्पन्न तुटपुंजे, बंदर वा नदीवरचे अधिकार वरच्या सरकारकडे आणि पाणलोट क्षेत्र शहराच्या हद्दीबाहेर अशी त्यांची स्थिती असते. मात्र बहुतेक वाढ अजून व्हायची असल्याने त्यांच्याकडे एक सोय आहे : भूखंड पाडण्यापूर्वीच पाण्याच्या वाटा नकाशावर राखून ठेवणे. घरे उभी राहिल्यावर त्याच वाटा मोकळ्या करायच्या तर भूसंपादन, भरपाई आणि न्यायालयीन दावे यांत वर्षे जातात.