भित्रेपणा रक्तातून येतो की आईच्या कुशीतून?

आई घाबरट आणि पिल्लंही घाबरट दिसली की ‘खाण तशी माती’ म्हणून आपण मोकळे होतो आणि सगळं जनुकांवर ढकलतो. पण जी आई जनुकं देते, तीच सहसा पिल्लांना वाढवतेही. त्यामुळे हे दोन वारसे बाहेरून अगदी सारखे दिसतात. ते वेगळे करायचे तर पिल्लांची अदलाबदल करावी लागते.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने उंदरांवर हेच केलं. काही माद्या पहिल्या आठवड्यात पिल्लांना भरपूर चाटतात, काही कमी. (कमी चाटणारी आई वाईट नव्हे; तिची पिल्लंही अंगाने नीट भरतात.) भरपूर चाटलेली पिल्लं मोठेपणी ताणातून लवकर सावरतात. कमी चाटणारीची पिल्लं जन्मल्यावर १२ तासांच्या आत भरपूर चाटणारीकडे दिली, तर ती सांभाळणाऱ्या आईवर गेली. त्यातल्या माद्या पुढे स्वतःच्या पिल्लांनाही तशाच चाटत राहिल्या. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं म्हणून ते जनुकांतूनच आलं, असं म्हणता येत नाही. हे १९९९ साली प्रसिद्ध झालं.

आत काय घडतं? ताण आला की उंदराच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक चढतं. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातले ग्राही (संप्रेरक पकडणारे रेणू) ते टिपतात आणि पुढचा स्राव आवरायला लावतात. ग्राही जास्त, तर ब्रेक चांगला. २००४ मध्ये याच गटाला दिसलं, की कमी चाटलेल्या पिल्लांत या ग्राहींच्या जनुकावर मिथाइलचे गट (जनुकाचं काम दाबणारे छोटे रासायनिक तुकडे) जास्त चिकटलेले असतात, म्हणून ग्राही कमी बनतात. जनुकाची अक्षरं मात्र दोघांत तीच.

आता कोल्हे. सोव्हिएत रशियात नोव्होसिबिर्स्कला दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ पासून माणसाला न बुजणारे रुपेरी कोल्हे निवडून त्यांचीच वीण वाढवली. काही पिढ्यांत कोल्हे माणसाळले, त्यांची ताणाची संप्रेरकंही उतरली. पण ही माणसाळलेल्या आईची शिकवण तर नव्हे? बेल्यायेव यांच्या सहकारी ल्युदमिला त्रुत यांनी माणसाळलेल्या आणि आक्रमक माद्यांचे भ्रूणच अदलून पाहिले. कुठलं पिल्लू कुणाचं, हे केसांच्या रंगावरून कळायचं. आक्रमक मादीच्या पोटी जन्मलेली माणसाळलेल्या वंशाची पिल्लं धड चालताही येत नसताना माणूस दिसला की शेपटी हलवत पिंजऱ्याच्या दाराशी धावायची. आई चिडून मानगुटीला धरून त्यांना मागे ओढायची, तरी पिल्लं तशीच. इथे पारडं सरळ जनुकांकडे झुकतं.

त्रुत यांनी अदलाबदल गर्भातच केली, हे मला महत्त्वाचं वाटतं. जन्मानंतर पिल्लू बदललं तर गर्भातला काळ हिशोबातून सुटतो. २००३ मध्ये डार्लिन फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी धीट वाणाच्या छोट्या उंदरांचे भ्रूण भित्र्या वाणाच्या माद्यांत रुजवले. फक्त गर्भ बदलला किंवा फक्त सांभाळणारी आई बदलली, तर पिल्लं मूळ वाणासारखीच धीट निघाली. दोन्ही बदललं, तेव्हा मात्र त्याच जनुकांची पिल्लं भित्र्या वाणासारखी वागू लागली.