घडीव पिस्टन : रोजच्या मोटारीतील वापर

घडीव पिस्टन म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा तापवलेला तुकडा पोलादी साच्यात प्रचंड दाबाखाली दाबून घडवलेला आणि मग यंत्रावर कातून नेमक्या मापाला आणलेला पिस्टन. जुन्या मराठी परिभाषेत पिस्टनला दट्ट्या म्हणतात. सोलापूरच्या गॅरेजात किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात हा शब्द ऐकू येत नाही. तेथे ‘फोर्ज पिस्टन’ आणि ‘कास्ट पिस्टन’ एवढेच चालते. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक पेट्रोल मोटारींत ओतीव, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेला, पिस्टन असतो. घडीव पिस्टन प्रामुख्याने शर्यतीच्या आणि जास्त दाबाच्या टर्बो इंजिनांसाठी बनतो. कामावर जाण्यायेण्याच्या, तुळजापूर-पंढरपूरच्या खेपा करणाऱ्या गाडीत तो घालावा का, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे.

ओतीव म्हणजे हलक्या प्रतीचे आणि घडीव म्हणजे भारी प्रतीचे, ही समजूत निदान सोलापुरात तरी टिकू नये. किर्लोस्कर फेरस इंडस्ट्रीजच्या येथील ओतशाळेत इंजिनाचे बिडाचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात. १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी याच शहरातून देशोदेशीच्या मोटार कारखान्यांना कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा, कॅम म्हणजे उंचवटे असलेला दांडा) पुरवते आणि त्यांतले बरेचसे ओतीवच असतात. ओतताना कॅमच्या पृष्ठभागाजवळचे बीड झपाट्याने थंड करून कठीण केले जाते. म्हणजे ओतकाम की घडाईकाम हा प्रतिष्ठेचा प्रश्न नाही. त्या भागावर कसला मार बसणार आहे, यावर ते ठरते.

ॲल्युमिनियमच्या पिस्टनचा उगम वादाचा आहे. त्याआधी पिस्टन बिडाचे किंवा पोलादाचे असत. इंग्रजी ग्रंथांत श्रेय सहसा डब्ल्यू. ओ. बेंटली यांना दिले जाते. १९१३ मध्ये ते पॅरिसजवळच्या डीएफपी या मोटार कारखान्यात गेले असता तेथे टेबलावर कागद दाबायला ठेवलेला ॲल्युमिनियमचा छोटा पिस्टन त्यांना दिसला आणि त्यावरून त्यांनी ८८ टक्के ॲल्युमिनियम व १२ टक्के तांबे अशा मिश्रधातूचे पिस्टन ओतून घेतले, ही त्यांनीच सांगितलेली हकीकत आहे. पहिल्या महायुद्धातील बीआर-१ या विमान इंजिनात त्यांनी हीच कल्पना वापरली. इटालियन परंपरा मात्र तुरीनच्या अक्विला इतालियाना या मोटारीकडे आणि तिचे अभियंते जुलिओ चेझारे काप्पा यांच्याकडे बोट दाखवते. तो वापर बेंटलींच्या काही वर्षे आधीचा मानला जातो. दोन्ही बाजू पाहता काप्पा यांचा अग्रक्रम मान्य करणे अधिक सयुक्तिक वाटते. कल्पना रुजली ती मात्र युद्धकाळातल्या विमान इंजिनांमुळे. बेंटली पहिले नव्हते हे त्यांच्या हकीकतीतूनही दिसते, कारण डीएफपीच्या टेबलावर असा पिस्टन पडून होता, म्हणजे कोणीतरी तो त्याआधीच बनवला होता.

पुढचा इतिहास धातुशास्त्राचा आहे. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत पहिल्या महायुद्धाच्या काळात ‘वाय’ मिश्रधातू तयार झाला. त्यात सुमारे ४ टक्के तांबे, २ टक्के निकेल आणि १.५ टक्के मॅग्नेशियम असे आणि तापल्यावरही त्याची ताकद टिके. त्याच वाटेने रोल्स-रॉइस आणि हाय ड्यूटी अलॉइज यांनी ‘आरआर’ मालिका काढली. त्यातल्या आरआर-५८ चे पुढे काँकॉर्ड विमानाच्या सांगाड्याला आणि पत्र्याला काम पडले. आज शर्यतीच्या पिस्टनसाठी वापरला जाणारा २६१८ क्रमांकाचा मिश्रधातू हा त्याचाच जवळचा भाऊ. दुसरी शाखा सिलिकॉनची. ॲल्युमिनियममध्ये साधारण १२.६ टक्के सिलिकॉन असेल, तर मिश्रण ५७७ अंश से. या एकाच तापमानाला गोठते आणि साच्यात छान वाहते. या मिश्रणातले सिलिकॉनचे भरड कण बारीक करण्याची युक्ती अलादार पाच यांनी १९२० च्या सुमारास शोधली. त्यानंतर ओतीव पिस्टनचा मार्ग मोकळा झाला. घडीव पिस्टनचा ४०३२ हा मिश्रधातू या सिलिकॉनच्या घराण्यातला, त्यात सिलिकॉन सुमारे १२ टक्के असतो. २६१८ मध्ये ते पाव टक्क्याहूनही कमी असते.

हा फरक इतका सविस्तर सांगण्याचे कारण असे, की रोजच्या गाडीच्या दृष्टीने सारा प्रश्न येथेच सुटतो किंवा बिघडतो. सिलिकॉन जास्त तर धातू तापल्यावर कमी फुगतो, झिजेला टिकतो, पण थोडा ठिसूळ होतो. सिलिकॉन कमी तर धातू चिवट राहतो. इंजिनात अकाली स्फोटाचे ठोके बसले, तर ओतीव पिस्टनची रिंगांमधली कड तुटून पडते; २६१८ चा पिस्टन तशा माराने दबतो, वाकतो, पण सहसा फुटत नाही. त्याची किंमत मोजावी लागते ती फुगण्यात. ८० मि.मी. व्यासाचा पिस्टन १०० अंशांनी तापला, तर २६१८ चा सुमारे ०.१८ मि.मी. वाढतो, ४०३२ चा ०.१५५ आणि त्याच व्यासाचे बिडाचे बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती सिलिंडरची पोकळी, ०.०९ च्या आसपास. म्हणून २६१८ चा पिस्टन थंड असताना बोअरमध्ये सैल बसवावा लागतो. साध्या ओतीव पिस्टनला ०.०२ ते ०.०५ मि.मी. मोकळीक पुरते, ४०३२ ला साधारण ०.०५ ते ०.०८ आणि २६१८ ला ०.०८ ते ०.११ लागते. नेमका आकडा बनवणाऱ्याच्या कार्डावर असतो आणि तोच पाळायचा. जुन्या काही ओतीव पिस्टनांत फुगणे आवरण्यासाठी पोलादी पट्ट्या ओतकामातच बसवत. घडाईत हे जमत नाही.

या मोकळिकीमुळे पहाटे गाडी सुरू केली की टक-टक-टक असा कोरडा आवाज येतो. पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे रिंगांखालची बाजू, बोअरच्या एका भिंतीवरून दुसरीवर आदळत असतो. सोलापूरचा हिवाळा सौम्य असल्याने तापमानाचा काटा वर येऊ लागला की मिनिट-दोन मिनिटांत तो विरतो. इंजिन पूर्ण तापल्यावरही आवाज राहिला, तर मोकळीक जास्त झाली किंवा गजन पिनचे (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनचे) बुश गेले, असे समजावे. काही गाड्यांत नॉक सेन्सर (ठोका ओळखणारे उपकरण) हाच आवाज स्फोटाचा ठोका समजतो आणि इग्निशन मागे ओढतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. मालकाला मात्र फक्त गाडीचा पिकअप गेल्यासारखे वाटते.

येथे उन्हाळ्याचा मुद्दा येतो आणि तो सोलापूरकर मिस्त्रींनी मनावर घ्यावा असा आहे. मापनाचे आंतरराष्ट्रीय संदर्भ तापमान १९३१ पासून २० अंश से. मानले जाते आणि पिस्टनच्या कार्डावरचे आकडे सहसा त्याच तापमानाचे असतात. मे महिन्यात येथे पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमधला धातूही तितकाच तापतो. पोलादी मायक्रोमीटर आणि बिडाचा ब्लॉक जवळपास सारखेच फुगत असल्याने बोअरचे माप बरोबर येते. ॲल्युमिनियमचा पिस्टन मात्र जास्त फुगलेला असतो आणि ८० मि.मी. व्यासाचा २६१८ चा पिस्टन ०.०१८ मि.मी. मोठा दिसतो. कार्डावर ०.०९ मोकळीक लिहिली असेल आणि दुपारी दोन वाजता मापून ०.०७२ आली, तर बोअर ०.०१८ ने आणखी मोठे करण्याचा मोह होतो. तो हात जास्तीचा ठरतो आणि पिस्टन कायमचा सैल राहतो. शेडमध्ये सूत हा शब्द इंचाच्या आठव्या भागासाठी चालतो, यंत्रमागावर धाग्यासाठी. हे माप दोन्हींपेक्षा कितीतरी बारीक, माणसाच्या केसाच्या पाव जाडीचे. उपाय साधा आहे. ब्लॉक, पिस्टन आणि गेज रात्रभर एकाच जागी ठेवावेत, पहाटे मापावेत आणि हवा किती अंशांवर होती ते चिठ्ठीवर लिहावे. बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मापावे. पिस्टन गजन पिनच्या काटकोनात, बनवणाऱ्याने स्कर्टवर सांगितलेल्या उंचीवरच मापावा, कारण तो पूर्ण गोल नसतो. किंचित अंडाकार आणि वरच्या बाजूला निमुळता कातलेला असतो.

झिजेबाबत मतभेद आहेत. घडीव पिस्टन रोजच्या गाडीत टिकत नाही, हे मत प्रामुख्याने २६१८ च्या अनुभवावर उभे आहे. तो मऊ असल्याने रिंगांच्या खाचा रुंदावतात, स्कर्टवर उभे ओरखडे येतात आणि इंजिन ऑइल खाऊ लागते. सोलापूरच्या काळ्या मातीची आणि कोरड्या रस्त्यांची धूळ एअर फिल्टरमधून आत गेली, तर हे लवकर घडते. दुसऱ्या बाजूला १९९९ च्या होंडा एस-२००० मध्ये घडीव पिस्टन कारखान्यातूनच होते आणि चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकमध्येही निकासिल या कठीण लेपाच्या सिलिंडरबरोबर घडीव पिस्टन असतो. ती दुचाकी राज्यभर रोज धावते. म्हणून सरसकट नकार टिकत नाही. ४०३२ चा पिस्टन, स्कर्टवर मॉलिब्डेनमचा लेप, वरच्या खाचेला कठीण ॲनोडायझिंग आणि बरोबर मापलेले बोअर एवढे असेल, तर ओतीव पिस्टनइतके आयुष्य अपेक्षित धरता येते.

गरज कोणाला, हा भाग सोपा आहे. मूळ स्थितीतल्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला घडीव पिस्टन घालून काही मिळत नाही. ताकद वाढत नाही आणि मायलेजही. टर्बोचा दाब वाढवलेल्या इंजिनाला तो लागतो. तेथेही दाब थोडाच वाढवला असेल, तर ४०३२ पुरतो. २६१८ कडे वळावे ते दाब खरोखर जास्त असेल आणि इंजिन पुन्हा पुन्हा उघडण्याची तयारी असेल तरच. सीएनजी ठोक्याला फार टिकणारे इंधन असल्याने सीएनजीवरच्या गाडीत हा खर्च करण्याचे कारण उरत नाही. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यातले इथेनॉल ज्यात मिसळते, त्या ई-२० पेट्रोलचा ऑक्टेन अंक (ठोक्याला टिकण्याचे माप) सुमारे ९५ आहे, जुन्या साध्या पेट्रोलचा ९१ होता. त्यामुळे ठोक्याचा धोका काहीसा कमी झाला आहे.

डिझेल मोटारींत घडीव ॲल्युमिनियम क्वचितच असते. वरच्या रिंगेसाठी ओततानाच बसवलेली विशेष बिडाची कडी तेथे ओतीव पिस्टनला टिकवते. मर्सिडीज-बेंझने २०१४ मध्ये डिझेल मोटारीत पोलादी पिस्टन आणले, तो वेगळा विषय आहे.

कायद्याच्या बाजूने मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यांतील बदलांवर बंधन घालते. ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ मापाहून मोठ्या, पिस्टनने इंजिनाची क्षमता थोडी वाढते, हे ध्यानात ठेवावे.

बसवल्यानंतर रिंगा बोअरवर बसेपर्यंतचे पहिले ५०० किमी महत्त्वाचे असतात. या काळात पुण्याच्या महामार्गावर एकाच वेगाने गाडी ताणू नये. अक्कलकोटचा रस्ता बरा, कारण गावे लागतात आणि वेग सतत कमी-जास्त होतो. मध्यम ॲक्सिलरेटर द्यावा, मग पाय सोडून गिअरमध्येच गाडी मंदावू द्यावी, असे पुन्हा पुन्हा करावे. पहिले ऑइल लवकर काढावे आणि पांढऱ्या कपड्यावर गाळून पाहावे. होनिंगची (बोअर घासून नीट करण्याच्या कामाची) बारीक राखाडी भुकटी दिसणे साहजिक आहे. चमकणाऱ्या चकत्या दिसल्या, तर पुढे गाडी चालवू नये, हेड उतरवावे.