स्पॅम आणि फिशिंग (ईमेल)

स्पॅम आणि फिशिंग : न मागता घाऊक प्रमाणात येणारे ईमेल म्हणजे स्पॅम. बँक, सरकारी खाते किंवा नोकरी देणारी कंपनी असा भरवशाचा मुखवटा लावून पासवर्ड, ओटीपी वा पैसे उकळणारे ईमेल म्हणजे फिशिंग. प्रत्येक स्पॅम फसवे नसते. गाद्यांच्या सेलची जाहिरात ही नुसती कटकट असते. गोव्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्याला हा फरक चटकन कळतो. स्पॅम ही रापण आहे: लांबच लांब जाळे ओढायचे, येईल ती मासळी आपली. फिशिंगवाला गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला बसतो, आणि कोणता मासा कशाला तोंड लावतो ते पाहून गरीला आमिष लावतो.

३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वीच्या जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना नव्या संगणकांची जाहिरात एकदम धाडली. तेच पहिले स्पॅम मानले जाते. हे नाव डबाबंद मांसाच्या एका ब्रँडचे. फिशिंग हा शब्द १९९० च्या दशकाच्या मध्यास, अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांचे पासवर्ड लांबवणाऱ्या टोळक्यांत रुळला.

हे सारे शक्य होते, कारण ईमेलची मूळ रचना भाबडी आहे. टपालाच्या पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसेच इथे. पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या आल्या. मेल खरोखर त्याच डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या ‘@’ नंतरच्या नावावरून निघाला का, हे त्या पाहतात. पण चोराने बँकेच्या नावासारखे दिसणारे स्वतःचे डोमेन रीतसर विकत घेतले असेल, तर तो या तिन्ही परीक्षा पास होतो. मेल इनबॉक्समध्ये आला म्हणजे तो खरा, असे धरून चालता येत नाही ते यामुळेच.

गोव्यात आमिषे इथल्या जगण्यातूनच निवडली जातात. तारवटींची, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांची परंपरा असलेल्या घरात जहाजावरच्या नोकरीचा मेल लगेच उघडला जातो. नमुना साधारण असा: ‘क्रूझ जहाजावर स्टुअर्ड म्हणून आपली निवड झाली आहे, पगार डॉलरमध्ये, मेडिकल व व्हिसासाठी १८,५०० रुपये आज सायंकाळी पाचपर्यंत भरावेत.’ सोबत शिक्का मारलेले नेमणूकपत्र असते, लोगोही झकास. मुलाखत मात्र झालेलीच नसते. जहाजावर माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे २००६ च्या सागरी श्रम कराराला मान्य नाही. एवढे दोन मुद्दे ठाऊक असले तरी असा मेल तिथेच पडतो.

कळंगुट-कांदोळीकडे खोल्या भाड्याने देणाऱ्यांचे दुखणे वेगळे. त्यांना ‘पाहुण्याची तक्रार आली आहे, इथे लॉगिन करून पाहा’ असे मेल येतात. वाईट शेऱ्याच्या धास्तीने मालक घाईत लिंक दाबतो आणि बुकिंगच्या खात्याची किल्ली चोराच्या हाती जाते. मग तोच चोर मालकाच्या खात्यातून खऱ्या पाहुण्यांकडे आगाऊ रक्कम मागतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांच्या घरी पोर्तुगीज नागरिकत्वाची कागदपत्रे चाललेली असतात. ‘आपल्या जन्मनोंदीत त्रुटी आहे’ हे वाक्य तिथे पुरेसे असते.

अशुद्ध भाषा ही फसव्या मेलची खूण, हा जुना सल्ला आता बाद धरावा. यंत्राकडून कोणीही निर्दोष मराठी लिहून घेतो. उलट खऱ्या सरकारी पत्रातच चुका जास्त सापडतील. पाहायचा तो पत्ता, आणि तो उजवीकडून डावीकडे. लिंकवर बोट दाबून धरले की पूर्ण पत्ता दिसतो. त्यात सुरुवातीचे ‘https://’ सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी जे येते, तो खरा मालक. बँकेचे नाव सुरुवातीला असेल आणि शेवटी ‘केवायसी-अपडेट डॉट कॉम’ असेल, तर ते घर बँकेचे नव्हे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर जायला सांगितले ते ही ओळख सोपी व्हावी म्हणून. शंका असेल तर मेलमधला नंबर न लावता पासबुकावरचा लावावा.

फसगत झालीच तर आधी बँकेला कळवून खाते गोठवावे आणि लगोलग १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता येतात, म्हणून इथे मिनिटे मोजली जातात. गोवा पोलिसांचे सायबर गुन्हे ठाणे रायबंदरला आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ओटीपी ग्राहकानेच दिला असेल तर तक्रारीपर्यंतचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लाजेपोटी मेल पुसून टाकणारे बरेच असतात. तो ठेवावा, तो कोणत्या सर्व्हरवरून आला हे त्याच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक नोंदीत लिहिलेले असते. काही आठवड्यांनी ‘आपले बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क भरा’ असा नवा मेल येण्याची शक्यताही धरावी. एकदा गळाला लागलेल्यांच्या याद्या चोरांमध्ये विकल्या जातात.