वार, पेमेंट सीट आणि उत्पन्नाचा दाखला

जून उजाडला की तालुक्याच्या सेतू केंद्रासमोर बारावी झालेल्या पोरापोरींची रांग लागते. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, आधारची झेरॉक्स. अडलेलं असतं ते एकाच कागदासाठी, वडिलांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. आठ लाखांच्या आत आकडा असेल तर फी अर्धी, मुलगी असेल तर बहुतेक अभ्यासक्रमांना माफच. सीईटीत किती पर्सेंटाइल पडले यापेक्षा या कागदाची धास्ती काही घरांत जास्त असते.

हा कागद एवढा मोठा कधी झाला? आपल्याकडे शिक्षणाच्या खर्चाचा जुना प्रश्न फीचा नव्हताच मुळी. तो होता, राहायचं कुठं आणि जेवायचं काय. पुण्यात शिकायला आलेला गरीब मुलगा ‘वार’ लावायचा. सात घरं, आठवड्याचा एकेक दिवस. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी काळ्यांकडे. एखाद्या घरचा वार सुटला की त्या दिवशी उपास, नाहीतर माधुकरी. या आठवणी मराठी आत्मचरित्रांत इतक्या आहेत की वाचताना त्या साऱ्या महाराष्ट्राच्या वाटाव्यात. तशा त्या नव्हत्या. वार मिळायचे ते प्रामुख्याने ब्राह्मण मुलांना. बाकीच्यांना शहरात पाठ टेकायला ओसरीसुद्धा नव्हती.

शाहू महाराजांनी नेमकं हेच ओळखलं. 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढच्या काळात जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी राहिली. जातवार वसतिगृहं कशाला, असा आक्षेप आज सुचतो. पण तेव्हा एका पंगतीला बसवायचं म्हटलं असतं तर बोर्डिंगच निघालं नसतं. बडोद्याच्या सयाजीरावांनी दुसरी वाट धरली. 1913 मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते त्यांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ती नुसती देणगी नव्हती. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्याच आंबेडकरांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा आग्रह धरला आणि 1944 मध्ये ती सुरू झाली. कॉलेजच्या ऑफिसात आजही तिला ‘जीओआय’ म्हणतात. जीओआय म्हणजे गव्हर्नमेंट ऑफ इंडिया, हे ती घेणाऱ्या पोरांनाही अनेकदा ठाऊक नसतं.

भाऊराव पाटलांना संस्थानचा खजिना नव्हता. त्यांच्या बोर्डिंगमधल्या मुलांसाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. मुलं शेतात राबायची, दगड फोडायची, आणि घामाच्या बदल्यात शिकायची. ही योजना आज विद्यापीठांच्या कागदावर आहे. पण ग्रंथालयात पुस्तकं लावून मिळणाऱ्या तासाच्या पैशात इंजिनिअरिंगची फी निघत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकार पुढे आलं. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत, वर्षाला 1200 रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना फी माफ झाली. हीच ती ‘ईबीसी’, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत. दाखल्याचं राज्य सुरू झालं ते इथून. खेड्यातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर याच सवलतीतून निघाला. कॉलेजं अनुदानित होती, फी मुळात थोडी होती, त्यामुळे माफी देणं सरकारला झेपत होतं. पुण्याच्या विद्यार्थी सहायक समितीसारख्या संस्थेनं 1955 पासून राहण्याजेवणाची बाजू उचलली, कारण खरा खर्च अजूनही तोच होता.

1983 साली पाटी फिरली. इंजिनिअरिंगच्या जागा मोजक्या. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद आणि अशीच आणखी काही. तोवर आपली मुलं डोनेशन भरून कर्नाटकात जात होती. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी खासगी संस्थांना कॉलेजं काढायला परवानगी दिली. अट एकच, अनुदान मागायचं नाही. ‘विनाअनुदानित’ हा शब्द घराघरांत गेला. जागा वाढल्या हे खरं, दादांना त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण खर्च कोणी भरायचा, याचं उत्तर त्या निर्णयातच होतं: बापानं. एकरभर जमीन विकून ‘सीट घेतली’, असं लोक बोलू लागले. म्हैस घ्यावी तसं.

कॅपिटेशन फीवर, म्हणजे प्रवेशासाठीच्या डोनेशनवर, बंदी घालणारा 1987 चा कायदा राज्यानं केला. डोनेशन पावतीवरून गेलं, व्यवहारातून कितपत गेलं ते ज्यानं त्यानं आपल्या घरात विचारावं. सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या उन्नीकृष्णन निकालानं निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ केल्या. पेमेंटवाल्यानं फ्रीवाल्याचाही भार उचलायचा. यात गोम अशी की चांगल्या क्लासला जाऊन मेरिटमध्ये येणारा शहरी मुलगा फ्री सीटवर बसायचा आणि काठावरचे मार्क पडलेल्या शेतकऱ्याचा पोरगा पेमेंटवर. 2002 मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठानं ही योजना मोडीत काढली. पुढे निवृत्त न्यायमूर्तींच्या समित्यांनी कॉलेजनिहाय फी ठरवायची पद्धत आली. महाराष्ट्रात 2015 च्या कायद्यानं त्याचं शुल्क नियामक प्राधिकरण झालं.

दरम्यान 2001 मध्ये बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. चार लाखांपर्यंत तारण नाही, हप्ते शिक्षण संपल्यावर. नियमात तारण नव्हतं, पण शाखेत गेलं की साहेब सातबारा आणलाय का, हे हळूच विचारायचेच.

मराठा मोर्चांच्या लाटेत, 2016 मध्ये, ईबीसीची मर्यादा सहा लाखांवर गेली, पुढे आठ लाखांवर. सवलतीला नाव मिळालं राजर्षी शाहू महाराजांचं. जुलै 2024 मध्ये त्याच मर्यादेत मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. म्हणजे ज्या कॉलेजांना 1983 मध्ये ‘एक पैसा मिळणार नाही’ म्हणून बजावलं होतं, त्यांची निम्मी किंवा सगळी फी आज सरकारच भरतं, फक्त विद्यार्थ्याच्या नावावर. आणि तेही सावकाश. महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारा, हप्ता रखडला की कॉलेजचा क्लार्क विद्यार्थ्यालाच गाठतो: आधी भर, मग तुझे तुला मिळतील.

फीचं असं काहीतरी जमून जातं. मग ऑगस्टमध्ये तीच पोरगी बापाबरोबर पुण्यात उतरते आणि दोघं कॉट बेसिसवरच्या खोल्या बघत फिरतात. चौघींत एक खोली, डिपॉझिट दोन महिन्यांचं. खाली मेसवाल्या काकूंची पाटी: महिन्याचं छप्पन्न वेळचं जेवण, रविवारी रात्री सुट्टी.