कॉस्टिला काउंटी: 5 एकर स्वस्त का मिळतात त्यामागची गोष्ट

ऑफ-ग्रिड, म्हणजे सरकारी वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय राहायचं, संकटासाठी तयार राहायचं म्हणून अमेरिकेत जागा शोधणाऱ्यांच्या यादीत कोलोराडो राज्यातली कॉस्टिला काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) हमखास असते. 5 एकर, सोलरला भरपूर ऊन, शेजारी लांब. पण इथला भाव समजायचा तर आधी पाण्याचे कागद बघायला लागतात.

1843 मध्ये मेक्सिकन सरकारने ही जमीन इनाम दिली, 1851 ला सॅन लुईस गाव वसलं आणि 1852 च्या तिथल्या पाटाचा पाण्यावरचा हक्क आजही राज्यात सगळ्यात जुना धरतात. इथे ज्याचा हक्क जुना त्याला पाणी आधी, म्हणजे नदीच्या पाण्याची रांग तेव्हाच लागली, तुम्ही शेवटी. 1960 ला बाहेरच्या एका लाकूड व्यापाऱ्याने साधारण 77,000 एकर डोंगर घेतला आणि गावकऱ्यांची सरपण-चराई बंद केली, ती 2002 मध्ये कोर्टाने परत दिली. पण जुन्या वस्तीच्या जमिनी ज्यांच्याकडे आल्या त्यांनाच, नुसता काउंटीत प्लॉट घेतला म्हणून नाही.

खरा घोळ 1972 चा. राज्याने 35 एकरांची रेघ ओढली. 35 किंवा जास्त एकर असेल तर घरगुती बोअरवर जनावरं पाजता येतात, एक एकरापर्यंत बाग भिजवता येते. त्याखालच्या जुन्या प्लॉटला बहुतेक वेळा परवाना मिळतो तो फक्त घरातल्या वापराचा, म्हणजे स्वयंपाक, अंघोळ, संडास. बाहेर नळीने टोमॅटोला पाणी घातलं तरी नियमभंग, शेळी पाजली तरी तेच! आणि इथे विकले गेलेत ते 5-5 एकरांचे हजारो तुकडे. स्वयंपूर्ण जगायला म्हणून घेतलेल्या जमिनीवर भाजीच लावता येत नसेल तर त्या सौद्याला काय अर्थ, आणि हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही याचा मला खरंच राग येतो. नियमामागचं कारण मात्र खोटं नाही, इथल्या सॅन लुईस खोऱ्यातलं पाणी आधीच वाटलेल्या हक्कांपेक्षा कमी आहे, पाऊस वर्षाला साधारण 7 ते 10 इंच.

मग पावसाचं पाणी साठवू म्हणाल तर 2016 पर्यंत बहुतेकांना तेही बंद होतं. आता दोन पिंपं चालतात, मिळून 110 गॅलन, म्हणजे 416 लिटर. 1000 चौरस फुटांच्या छपरावर पाव इंच पडला की ती भरून वाहतात, पुढचं सगळं सोडून द्यायचं. म्हणून बरेच जण ट्रकने पाणी आणून टाकीत भरतात, आणि हिवाळ्यात पारा उणे 30 सेल्सियसखाली गेला की त्या टाकीचंच टेन्शन.

2015 च्या सुमारास काउंटीने सेप्टिक (संडासाच्या सांडपाण्याची टाकी) आणि बांधकामाचे नियम कडक लावायला घेतले, आधीच ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात राहणाऱ्यांशी वाद पेटले. माझ्या मते नियम आधीपासून सारखे लावले असते तर एवढं झालं नसतं. 2018 च्या जूनमध्ये फोर्ट गारलँडजवळ वणवा लागला, शेजारच्या वेर्फानो काउंटीपर्यंत 1,08,000 एकर जळाले. तेव्हापासून प्लॉट बघणारे बोअरच्या परवान्यासोबत बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का तेही विचारायला लागलेत.