कार्निव्हल म्हणजे 'मांसाला टाटा'? जरा थांबा

दर फेब्रुवारीत गोव्याच्या कार्निव्हलचे फोटो आले की तोच फॉरवर्ड फिरतो, 'कार्ने' म्हणजे मांस, 'वाले' म्हणजे निरोप, म्हणून कार्निव्हल म्हणजे मांसाला बाय-बाय. ऐकायला भारी वाटतं, पण ही व्युत्पत्ती नंतर जुळवलेली आहे. शब्द आलाय जुन्या इटालियन 'कार्नेलेवारे'वरून, त्यातल्या 'लेवारे'चा अर्थ काढून घेणं, बाजूला ठेवणं, म्हणजे मांस बंद करणं, निरोपबिरोप काही नाही.

भाव मात्र चुकलेला नाही हां, कारण राखेच्या बुधवारपासून (ॲश वेन्सडे) ईस्टरपर्यंत रविवार सोडून ४० दिवसांचा ख्रिस्ती उपवासकाळ, त्यात पूर्वी मांस वर्ज्य, मग त्याआधी खाऊनपिऊन घ्यायचं, आपली श्रावणाआधीची गटारीच की!

आणि दुसरं, पणजीतली ती चित्ररथांची मिरवणूक ४००-५०० वर्षं अशीच चाललीय असंही नाही. पोर्तुगीजांच्या काळापासून होता तो 'इंत्रुज', म्हणजे एकमेकांवर पाणी, पीठ, रंग उडवायचा गावातला दंगा आणि 'खेळ' नावाची कोकणी लोकनाट्यं. किंग मोमोवाली (म्हणजे कार्निव्हलचा गमतीतला राजा) सध्याची परेड सुरू झाली १९६५ च्या सुमारास, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतर. गावांकडचा इंत्रुज बघा कधीतरी, मला तर तोच जास्त आवडतो.